गिळली की संपलं: आवडत्या पदार्थांच्या गोळ्या कशा कराव्यात

प्रश्न: माझ्या मैत्रिणीला सगळं चाखायचं असतं, पण दोन घासांतच तिचं पोट भरतं. तिच्या वाढदिवसाला गंमत म्हणून औषधांची असते तशी सात खणांची डबी द्यावी असं डोक्यात आहे. प्रत्येक खणात तिच्या आवडीच्या एकेका पदार्थाच्या गोळ्या: चॉकलेट, स्ट्रॉबेरी आइस्क्रीम, पिझ्झा, कॉफी, जॅम-टोस्ट, बटाट्याचे वेफर्स आणि कलिंगड. मी ० नंबरच्या रिकाम्या जिलेटिन कॅप्सूल आणल्या, चॉकलेट किसून भरलं आणि एक गिळून पाहिली. चव शून्य! जॅमच्या कॅप्सूल रात्रीतून मऊ होऊन एकमेकींना चिकटल्या, कॉफीच्या चार दिवसांत तडकल्या. कुठे चुकतंय? शिवाय घरातले विचारतात, जेवणाऐवजी अशाच गोळ्या खाल्ल्या तर वजन उतरेल का?
— चवचोर

उत्तर: चव लागली नाही याचा अर्थ कॅप्सूलने आपलं काम चोख केलं. कडू औषध जिभेला कळू न देता पोटात पोचवायचं, यासाठीच तर ती असते. तिच्यात चॉकलेट भरलं तरी ती तेच करणार. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा वासाचा असतो. पदार्थ तोंडात चावला जातो, विरघळतो, आणि त्यातून सुटलेला वास घशामागून नाकात चढतो. गिळलेल्या कॅप्सूलमध्ये यातलं काहीच घडत नाही. तेव्हा गोळी पोटासाठी नव्हे, तोंडासाठी करायची. एवढं एक बदललं की तुमच्या यादीतले सातपैकी पाच पदार्थ जमतात.

‘एवढ्याशा गोळीत काय चव येणार’ ही शंका मात्र सोडून द्या. जिभेला प्रमाण कळतं, ढीग कळत नाही. कॉफीचंच पाहा. कपभर, म्हणजे १५० मिली पाण्यात आपण २ ग्रॅम इन्स्टंट कॉफी टाकतो. आता गोळीत फक्त ४० मिलीग्रॅम कॉफी घाला. गोळी विरघळताना तोंडात ३ मिलीच्या आसपास लाळ असेल, तर त्या लाळेतली कॉफी कपातल्या इतकीच कडक झाली. वासाला तर याहूनही कमी पुरतं. पावाच्या भाजलेल्या कडेला आणि पॉपकॉर्नला जो खास वास असतो, तो मुख्यतः २-अॅसिटिल-१-पायरोलीन या रेणूचा. पाण्याच्या एक अब्ज भागांत त्याचा दशांश भाग असला तरी नाकाला पत्ता लागतो.

वजनाचं उत्तर लगेच देऊन टाकतो. ० नंबरच्या कॅप्सूलमध्ये ०.६८ मिली मावतं, ००मध्ये ०.९१ आणि सगळ्यात मोठ्या ०००मध्ये १.३७ मिली. यात पावडर किती ग्रॅम बसेल हे ती किती दाट आहे त्यावर ठरतं, पण ००मध्ये बहुतेक खाद्य पावडरी ग्रॅमभरही बसत नाहीत. पावडर सोडा, निव्वळ तेल भरलं तरी एका ०० कॅप्सूलमधून साडेसातच्या आसपास कॅलरी मिळतात. २००० कॅलरींसाठी अडीचशेहून जास्त कॅप्सूल गिळाव्या लागतील, आणि तेव्हाही पोटात तेल आणि कवचंच असतील. रसायनशास्त्रज्ञ मार्सेलँ बर्थेलो यांनी १८९४मध्ये असं भाकीत केलं होतं की २००० सालापर्यंत माणसं प्रयोगशाळेत बनलेल्या अन्नाच्या वड्यांवर जगू लागतील. पाणी काढता येतं, हवा काढता येते, पण एका ग्रॅम चरबीतून ९च्या वर कॅलरी काढता येत नाहीत. घरच्यांना सांगा, या गोळ्या जेवणाची जागा घेणार नाहीत.

आता तुमच्या बिघडलेल्या कॅप्सूल. जिलेटिनच्या कवचात स्वतःचंच १३ ते १६ टक्के पाणी असतं. ते १८ टक्क्यांच्या वर गेलं की कवच मऊ, चिकट होतं आणि १२च्या बरंच खाली आलं की ठिसूळ. जॅमने कवचाला पाणी दिलं, कॉफीने कवचातलं पाणी ओढून घेतलं. इन्स्टंट कॉफी भयंकर पाणीओढी असते, उघड्यावर ठेवली तर तिचा दगड होतो तो त्यामुळेच. कवच तडकलं हे तिचंच काम. कोरड्या, पाणी ओढणाऱ्या पावडरींसाठी वनस्पतिजन्य कवच घ्या. एचपीएमसी असं पाकिटावर लिहिलेलं असतं. त्यात मुळातच पाणी कमी असतं, त्यामुळे ते सुकलं तरी लवचीक राहतं. जॅम, मध, सॉस, ताजं फळ असं काहीही ओलं मात्र कुठल्याच कवचात भरू नका. अजून एक फसवी जोडी म्हणजे जिलेटिन आणि दालचिनी. दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड, आणि व्हॅनिलातलं व्हॅनिलिनसुद्धा, जिलेटिनचे धागे एकमेकांत गुंफतं. मग कवच दिसायला ठीक दिसतं, पण पाण्यात विरघळायलाच तयार होत नाही.

उरलेल्या धड कॅप्सूल फेकू नका, पुडी म्हणून वापरा. टोपण ओढायचं, पावडर जिभेवर ओतायची, कवच बाजूला ठेवायचं. गोळीचं रूपही राहतं आणि चवही लागते.

खऱ्या गोळ्यांसाठी दोन वाटा आहेत: लाटून कापलेली चकती आणि साच्यात दाबलेली गोळी. साचा नसेल तर चकतीने सुरुवात करा. हात बसायला हीच सोपी.

चकतीचं मूळ प्रमाण स्ट्रॉबेरीवर सांगतो. गोठवून सुकवलेली म्हणजे फ्रीझ-ड्राय स्ट्रॉबेरी १५ ग्रॅम, पिठीसाखर ८५ ग्रॅम, सायट्रिक अॅसिड १ ग्रॅम, जिलेटिन २ ग्रॅम, पाणी १२ मिली. स्ट्रॉबेरी कोरड्या मिक्सरमध्ये फिरवा आणि बारीक चाळणीतून काढा. चाळणीत उरलेल्या बिया टाकून द्या, नाहीतर त्या दाताखाली वाळूसारख्या लागतात. जिलेटिन गार पाण्यात दहा मिनिटं भिजू द्या, मग वाटी गरम पाण्यात धरून ते पारदर्शक होईपर्यंत विरघळवा. उकळू नका, उकळल्याने जिलेटिनची पकड जाते. कोरडं साहित्य एकत्र करून त्यात ते ओता आणि घट्ट मळा. गोळा भेगाळत असेल तर पाणी थेंबाथेंबाने वाढवा. इथे चमचाभर पाणी एकदम पडलं तर पिठीसाखर विरघळून सगळ्याचा लगदा होतो, आणि मग आणखी पाऊणवाटी साखर घालून चव पातळ करण्यावाचून इलाज उरत नाही. गोळा प्लॅस्टिकखाली झाकून थोडा थोडा घ्या, ३ मिमी जाड लाटा आणि १० मिमी व्यासाच्या जाड स्ट्रॉने किंवा क्रीमच्या नोझलच्या मागच्या बाजूने चकत्या पाडा. जाळीवर २४ तास, मग उलटून आणखी २४ तास सुकवा. उलटायला विसरलात तर कडा वर वळतात. घाई करून ओव्हनमध्ये घातल्या तर बाहेर कडक पापुद्रा धरतो, आत ओल राहते, चकती तडकते, आणि जो वास कोंडायचा तोच उडून जातो.

अशी एक चकती साधारण एक तृतीयांश ग्रॅमची होते आणि वरच्या मापात तीनशेच्या आसपास निघतात. एकीत ५० मिलीग्रॅम स्ट्रॉबेरी पावडर असते. ताज्या स्ट्रॉबेरीत ९१ टक्के पाणी असतं, त्या हिशेबाने हा जवळजवळ अर्धा ग्रॅम ताज्या फळाचा ऐवज आहे. सायट्रिक अॅसिड वगळू नका. साखर स्ट्रॉबेरीचा आंबटपणा झाकून टाकते, आणि आंबटपणाशिवाय ती नुसती गुलाबी साखर लागते. जिलेटिन प्राण्यांपासून येतं, म्हणून मैत्रीण शाकाहारी असेल तर ट्रॅगाकँथ डिंकाची पूड २ ग्रॅम घ्या. ती पाण्यात कालवून रात्रभर फुगू द्यावी लागते.

जॅम-टोस्ट याच पद्धतीने, आणि आमच्या मते तुमच्या यादीतली ही सगळ्यात खुमासदार गोळी. वरच्याच पिठाचा एक थर २ मिमी लाटा. दुसऱ्या थरासाठी पाव चांगला गडद सोनेरी होईपर्यंत भाजा, पूर्ण गार होऊ द्या, बारीक दळा. हा चुरा ४० ग्रॅम, दूध पावडर १० ग्रॅम, पिठीसाखर ५० ग्रॅम, मीठ अर्धा ग्रॅम आणि तेवढंच जिलेटिन-पाणी. चुरा पाणी पितो, म्हणून इथे ३–४ मिली जास्त लागेल. दोन्ही थर ओले असतानाच एकावर एक ठेवून हलकं लाटणं फिरवा, मग कापा. एक थर सुकल्यावर दुसरा लावला तर ते सुटतात. लोणी घालायचा मोह होईल, तो आवरा. त्याने थर धरत नाहीत आणि काही दिवसांत खवट वास येतो.

चॉकलेटसाठी यातलं काहीच नको. कोको बटर ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि तोंड त्याहून गरम असतं, म्हणजे चॉकलेट ही तयारच गोळी आहे. काळं चॉकलेट ४५ ते ५० अंशांवर वितळवा. बाजूला काढलेलं पाव भाग न वितळवलेलं चॉकलेट बारीक चिरून त्यात ढवळत ढवळत ३१–३२ अंशांवर आणा, आणि कागदी कोनाने बटर पेपरवर १० मिमीचे ठिपके द्या. एक ठिपका पाव ग्रॅमच्या जवळपास भरतो. तापमान नीट उतरवलं नाही तर ठिपके मऊ राहतात आणि वर पांढुरकी झाक येते. भांड्यात पाण्याचा एक थेंब गेला तर सगळं चॉकलेट गच्च बसतं. ठिपका ओला असताना त्यावर मिठाचा एकच जाड कण ठेवून पाहा. एवढ्याशा चॉकलेटला तो उठाव देतो.

आइस्क्रीम, कॉफी आणि पिझ्झा यांना साचा हवा. ८ ते १० मिमीचा, हाताने दाबायचा स्टीलचा साचा घ्या: एक नळी, तिचा तळ आणि वरून ठोकायचा दट्ट्या. काही देशांत गोळ्या पाडायच्या यंत्रांवर नियम आहेत, तेव्हा मागवण्याआधी तुमच्याकडे काय आहे ते पाहा. १० मिमीच्या साच्यात एका वेळी ०.४ ग्रॅम पावडर घाला. हे मोजायला मिलीग्रॅम दाखवणारा काटा लागतो, स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅमने चढणारा काटा इथे कामाचा नाही.

कॉफीचं मिश्रण सोपं आहे: इन्स्टंट कॉफी १० ग्रॅम, पिठीसाखर ५० ग्रॅम, दूध पावडर ४० ग्रॅम, सगळं एकत्र दळून चाळलेलं. प्रत्येक गोळीत ४० मिलीग्रॅम कॉफी आली, वर हिशेब मांडला तीच. इन्स्टंट कॉफीत साधारण ३ टक्के कॅफिन धरलं तर गोळीत सव्वा मिलीग्रॅमच्या आसपास पडतं, झोप उडवण्याइतकं नाही. ‘खरी कॉफी वाटावी’ म्हणून शुद्ध कॅफिनची पावडर घालायचा विचार मनातही आणू नका. ती अगदी थोडी जास्त झाली तरी जिवावर बेतते.

आइस्क्रीमची खरी अडचण गारव्याची. त्यावर एरिथ्रिटॉल हा उतारा आहे. ही गोड पावडर विरघळताना साखरेच्या कितीतरी पट उष्णता ओढून घेते, त्यामुळे जिभेला खरोखरच गार लागतं. दूध पावडर ४०, बारीक दळलेलं एरिथ्रिटॉल ३५, स्ट्रॉबेरी पावडर १५, पिठीसाखर १० ग्रॅम आणि चिमटीभर व्हॅनिला पावडर. एरिथ्रिटॉल नीट धरत नाही, दाबूनही गोळीचा भुगा होऊ शकतो. तसं झालं तर मिश्रणावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा, हाताने चोळा, जाड चाळणीतून दाबून रवाळ करा, रात्रभर सुकवा आणि मग साच्यात भरा. रवाळ दाणे पिठापेक्षा चांगले धरतात, कारण त्यांच्यातली हवा दाबताना सहज निसटते. पिठातली हवा अडकली की दट्ट्या काढताच गोळीची वरची टोपी वेगळी होते. गोळी उलट साच्यालाच चिकटत असेल तर मिश्रणात ओल उरली आहे.

पिझ्झाला चवींचा क्रम असतो आणि तो गोळीत पकडता येतो. तळाला भाजलेल्या पावाचा चुरा, मध्ये टोमॅटो पावडर, वर चीज. तिघांतही बांधणीसाठी थोडं माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पांढरी पावडर, घाला, शंभरात १२ ते १५ ग्रॅम. टोमॅटोच्या थरात सुकी ओरेगॅनो चुरून घाला, पण शंभरात १ ग्रॅमच. कोरडी ओरेगॅनो जास्त झाली की बाकी काही लागत नाही. चीज किसून सुकवायच्या भानगडीत पडू नका, तेल सुटतं आणि गुठळ्या होतात. तयार चीज पावडर घ्या आणि ती आधीच खारट असते म्हणून मीठ चाखून मगच ठरवा. भरताना चुऱ्याचा थर हलकाच दाबा, त्यावर टोमॅटो घालून पुन्हा हलका दाब द्या, आणि चीज घातल्यावर एकदाच जोर लावा. पहिला थर घट्ट दाबलात तर त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो, पुढचा थर त्याला धरत नाही आणि गोळी डबीतच दुभंगते. खाताना चीजची बाजू जिभेकडे. उलटी ठेवली की आधी पाव लागतो आणि पिझ्झ्याऐवजी टोस्टवरचं टोमॅटो सूप खाल्ल्यासारखं वाटतं.

वेफर्स आणि कलिंगड ही दोन नावं मात्र खोडा. वेफर्सची अर्धी मजा कुरकुर आवाजात आहे. दळून दाबले की मीठ, तेल आणि पिठूळपणा उरतो, शिवाय ते तेल लवकर खवट होतं. कलिंगडात ९० टक्क्यांहून जास्त पाणी, आणि उरलेल्यात वास असा की सुकवताना काकडीच्या वळणावर जातो. त्यांच्या जागी लिंबूसोडा घ्या. सायट्रिक अॅसिड आणि खाण्याचा सोडा समसमान, प्रत्येकी १० ग्रॅम, पिठीसाखर ७८ ग्रॅम, किसून सुकवलेली लिंबाची साल २ ग्रॅम. पूर्ण प्रक्रिया व्हायची तर १ ग्रॅम अॅसिडला १.३ ग्रॅम सोडा लागतो. इथे सोडा मुद्दाम कमी ठेवला आहे, म्हणजे फेस ओसरल्यावर थोडा आंबटपणा मागे राहील. साबणासारखी चव आली तर सोडा जास्त पडला असं समजा. या मिश्रणाला फवारा अजिबात मारायचा नाही, फेस साच्यातच येईल.

सातवा खण खट्याळपणासाठी ठेवा. जिलेटिन कॅप्सूलमध्ये सुकवलेल्या संत्र्याच्या सालीची बारीक पूड भरायची आणि ही मात्र पाण्याबरोबर गिळायची. गिळताना काही कळत नाही. पोटात कवच सुटलं की पुढच्या ढेकरेला संत्र्याचा वास येतो, आलाच तर. ढेकर मागून येत नाही. मैत्रिणीला पित्ताचा, छातीत जळजळण्याचा त्रास असेल तर हे करू नका. याच कारणाने मिरचीची पूडही नको. जीभ चुकवून गेलेला तिखटपणा पोटाला चुकत नाही.

साठवणीचं थोडक्यात. प्रत्येक जात वेगळ्या घट्ट डबीत, सोबत सिलिका जेलची पुडी. सात खणांच्या डबीत एकदम भरून ठेवल्या तर कॉफीचा वास आइस्क्रीमला लागतो आणि लिंबूसोडा सादळतो. डबी द्यायच्या दिवशीच भरा. १९६०च्या दशकात अंतराळवीरांच्या घासभर चौकोनी तुकड्यांवर भुगा यानात उडू नये म्हणून जिलेटिनचा पातळ लेप देत असत. तुमच्या टोस्ट आणि पिझ्झ्याच्या गोळ्या डबीत झडत असतील तर हीच युक्ती चालेल: १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम जिलेटिन, ब्रशचा एकच पातळ हात, आणि दिवसभर सुकवणं. साखरेच्या चकत्या कोरड्या राहिल्या तर दोन-तीन महिने चांगल्या राहतात. चीज, दूध पावडर आणि पावाचा चुरा असलेल्या तीन-चार आठवड्यांत संपवा. ताजी लसूण तेलात घालून कॅप्सूलमध्ये कोंडायची कल्पना कोणी सुचवली तर सरळ नाही म्हणा. हवा नसलेल्या तेलात, आंबटपणा नसलेल्या ओल्या पदार्थात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढतात आणि त्याचा ना वास येतो ना चव.

डबी औषधांच्या डबीसारखी दिसणार, यातच गंमत आहे आणि धोकाही. घरात कोणी खरी औषधं घेत असेल तर ही डबी वेगळ्या रंगाची घ्या आणि स्वयंपाकघरात ठेवा, औषधांच्या कपाटात नको. लहान मुलांना ‘गोळी म्हणजे खाऊ’ असं शिकवू नका, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती या गोळ्या देऊच नका, घशात अडकतात. शेंगदाणे, काजू-बदाम, तीळ यांची गोळी करायच्या आधी ती खाणाऱ्या प्रत्येकाला अॅलर्जीबद्दल विचारा. काहींना शेंगदाण्याचे काही मिलीग्रॅम प्रथिनही पुरतं, तेव्हा ‘एवढ्याशानं काय होतंय’ हे इथे चालत नाही. दळणासाठी वापरलेला मिक्सर आणि साचा धुऊन पूर्ण सुकवल्याशिवाय दुसऱ्या जातीला घेऊ नका.

डबीच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवा: खणानुसार पदार्थाचं नाव, केल्याची तारीख, ‘दूध, गहू, जिलेटिन आहे’, आणि मोठ्या अक्षरांत ‘जिभेवर ठेवा, गिळू नका’. सातव्या खणापुढे तेवढं ‘ही गिळा, आणि वाट पाहा’.